झेंडूची लाईन

"मॅडम, कुत्र्याले चष्मा लागते का?"

माईक हातात घट्ट धरून, चांगल्या खणखणीत आवाजात मी विचारलं आणि आमच्या शाळेचा हॉल फुटलाच. मुलं बाकांवर थापा मारायला लागली. मागच्या रांगेतून कुणीतरी भुंकलं. आमचे मुख्याध्यापक डोळे मिटून बसले. आकांक्षाने ओढणीत तोंड खुपसलं, कारण पैज तिनेच लावली होती. "उठून विचारून दाखव, बस स्टँडवरचा गिला वडा माह्याकडून. नाईतर वर्षभर माह्यासमोर बढाया मारायच्या नाई."

आठवीपर्यंत हजेरी देतानासुद्धा ज्या मुलीचा आवाज फुटत नव्हता, तिला अशी पैज लावायची असते का? आता दहावीत आहे मी. आता मी विचारतेच.

त्या दिवशी रेबीजचा कार्यक्रम होता आणि तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या. हॉल शांत व्हायची त्यांनी वाट पाहिली. त्या हसल्या मात्र नाहीत.

"बसू नकोस," त्या म्हणाल्या. "घरी कुत्रं आहे?"

"हाव मॅडम. दोन. लॅब्राडोर."

"एखादं संध्याकाळी अडखळतं का? अंधारात पायरी उतरायला मागत नाही, असं काही?"

आमची मोगरा दिवेलागण झाली की ओट्यावरून खाली उतरायची नाही. दोन महिन्यांपासून हे चाललं होतं. आई म्हणायची, "अंधाराले भिते महाराणी." आम्ही सगळे त्याला नखरे म्हणायचो.

"अडखळते," मी म्हणाले. माईकमध्येच म्हणाले, त्यामुळे ते सगळ्या शाळेने ऐकलं.

मॅडम सगळ्यांना उद्देशून बोलल्या. कुत्र्याला चष्मा लावत नाहीत, पण कुत्री आंधळी होतात. काही म्हातारपणामुळे होतात आणि काही आई-बापाकडून आलेल्या दोषामुळे, तरुण वयातच. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग उजेडातलं. जातिवंत कुत्र्यांमध्ये हे जास्त सापडतं. मला म्हणाल्या, "आज तिन्हीसांजेला तिच्या नेहमीच्या वाटेत एक स्टूल ठेव. आणि कापसाचा बोळा तिच्या नाकासमोरून खाली सोड. कापसाचा आवाज होत नाही. नजर खाली गेली तर ठीक."

गिला वडा मी खाल्ला. पैज ती पैज. पण चव काही लागली नाही.

आमच्या बाबांना परतवाड्यात कोण ओळखत नाही? बस स्टँडच्या बाहेर, मेळघाटात जाणाऱ्या जीपा जिथे माणसं कोंबतात, तिथे त्यांचं फुलांचं दुकान आहे. देवीदास राऊत, फुलवाले. आमच्या आजोबांपासून हाच धंदा. पहाटे फुलं आणायची, दिवसभर ओवायची, लग्नसराईत मंडप सजवायचे. फुलवाल्याकडे कुणी तोंड पाहून येत नाही, फुलं पाहून येतात, असं बाबा स्वतःच म्हणायचे.

मग झेंडू आला. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांनी हे पिल्लू बाबांच्या ओटीत टाकलं. पिवळंधमक होतं, म्हणून झेंडू. साहेबांनी त्याच्या खानदानाचे कागदसुद्धा दिले होते. अमरावतीच्या कुत्र्यांच्या स्पर्धेत झेंडूने कप मारला आणि आमचे बाबा एका दिवसात बदलले. दुकानात गजानन महाराजांच्या फोटोशेजारी झेंडूचा कपासकट फोटो लागला. पहिल्या दिवशी तर त्यांनी त्या फोटोला हारच घातला होता. आई दुकानात आली आणि ओरडली, "अवो, जित्या जनावराच्या फोटोले हार घालतेत का? काढा आधी!" तेव्हापासून झेंडूच्या फोटोखाली एक सुटं फूल असतं.

अमरावतीच्या एका मॅडमच्या कुत्रीशी झेंडूचं जुळवलं, त्यातली एक पिल्ली आमच्याकडे आली. ती शेवंती. पुढे शेवंती वयात आली तेव्हा बाबांनी बाहेरचा कुत्रा शोधलाच नाही. तिची पिल्लं झेंडूपासूनच घेतली. "घरचंच रक्त," ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "बाहेरचा थेंब नाई. झेंडूची लाईन पक्की." त्या पिल्लांना अकोल्यापासून मागणी आली. त्यातली सगळ्यात देखणी, दुधासारखी पांढुरकी, ती बाबांनी कुणालाच दिली नाही. ती आमची मोगरा. शेवंती नंतर आजाराने गेली. आता मोगरा चार वर्षांची होती आणि दिवाळीनंतर ती माजावर आली की तिचं झेंडूशी जुळवायचं, असं बाबांचं पक्कं ठरलं होतं. पिल्लं जन्मायच्या आधीच लोक नावं नोंदवत होते.

जीपवाल्यांना लोक विचारायचे, "लॅबवाले देवीदासभाऊ कुठं बसतेत?" ते ऐकू आलं की बाबा शर्टाची कॉलर नीट करायचे. मी ते पाहिलंय. मलाही छाती फुगल्यासारखं व्हायचं. शाळेत मी 'फुलवाल्याची पोट्टी' नव्हते राहिले, 'लॅबवाल्यांची' झाले होते.

त्या संध्याकाळी मी अंगणात स्टूल ठेवलं. मोगराला हाक मारली. ती आली ती थेट स्टुलावर आदळली, मागे सरली आणि शेपूट हलवत पुन्हा आदळली. कापसाचा बोळा सोडला. झेंडूने, एवढा म्हातारा असूनही, झडप घातली. मोगरा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझ्या आवाजाकडे म्हणा.

"बाबा, इले दिसून नाई राहिलं."

"काई बी!" बाबा दुकानातून येऊन नुकतेच हातपाय धूत होते. "लॅबचं नाक तेज असते. ते नाकानं चालते. आन दिसत नाई म्हणतं? डोये पाह्य तिचे!" त्यांनी मोबाईलचा टॉर्च मारला. मोगराचे डोळे हिरवेगार चमकले, दिव्यासारखे. "झेंडूचे असे चमकतेत का? नाई. हे अस्सल रक्ताची खूण हाय."

हे ते गिऱ्हाइकांनाही दाखवायचे. संध्याकाळी कुणी कुत्री पाहायला आलं की टॉर्च मारायचे आणि लोक 'वा' म्हणायचे.

दुसऱ्याच आठवड्यात बाळापूरच्या भगवंतरावांचा फोन आला. मोगराचा सख्खा भाऊ राजा त्यांच्या शेतात असतो. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, हात पाकळ्यांनी ओले होते म्हणून.

"देवीदासभाऊ, कुत्रं लय मठ्ठ देल्लं तुमी! काल तिन्हीसांजेले हौदात पडलं. पाणी भरेल होतं म्हणून वाचलं. परवा बैलाच्या पायात गेलं. आंधळं हाय का काय?"

बाबा फोनवर वाकले. "भगवंतराव, माह्या घरचं कुत्रं मठ्ठ निघत नाई. खाऊ घालायची अक्कल पायजे."

"खाऊ घालायले काय, माह्या ताटातलं खाते ते!"

तिकडून फोन कट झाला. मी संधी सोडली नाही. "मंग चला ना बाबा अकोल्याले. मोठ्या दवाखान्यात डोये तपासून घेऊ. लेखी आणा आन भगवंतरावाच्या तोंडावर मारा."

या वाक्याने ते तयार झाले. माझ्यावर विश्वास ठेवून नव्हे, भगवंतरावांवरच्या रागाने. पण झाले.

दसऱ्याची धावपळ संपल्यावर आम्ही फुलांच्या गाडीतून निघालो. बाबा आणि ड्रायव्हर पुढे, मी मागे रिकाम्या क्रेटांमध्ये झेंडू आणि मोगराला धरून. अंजनगाव, अकोट, मग अकोला. वाटेत रस्त्यावरची पोरं हात करायची आणि झेंडू प्रत्येकाला भुंकून उत्तर द्यायचा.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मोगराच्या डोळ्यांत थेंब टाकले, खोलीतला दिवा घालवला आणि कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात बराच वेळ पाहिलं. बाबा तिची मान धरून बसले होते. मला अंधारात फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

दिवा लागला. "हिचे आई-वडील?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबा ताठ झाले. "बाप हा बसला समोर, झेंडू. चॅम्पियन हाय साहेब. आन माय शेवंती, तेबी याचीच लेक. घरचंच रक्त. बाहेरचा थेंब नाई."

डॉक्टरांनी झेंडूच्या डोक्यावरून हात फिरवला. मग खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसले आणि हळू हळू सांगितलं. डोळ्याच्या आतला पडदा झिजतोय. पडदा पातळ झाला की मागचा चकाकणारा थर उघडा पडतो, बाहुली मोठी राहते, म्हणून टॉर्च मारला की डोळे जास्त चमकतात. हा दोष आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन आले तरच आजार होतो. एकटा असला तर कुत्रं आयुष्यभर नीट पाहतं, पण पिल्लांना तो देऊ शकतं. "झेंडूमध्ये एक असणार. त्याने तो शेवंतीला दिला. मग तुम्ही दोघांना परत एकत्र आणलंत."

"ड्रॉप नाई का काई?" बाबांनी विचारलं.

"नाही. वर्षभरात दिवसाचंही जाईल. दुखणार मात्र नाही. घरातल्या वस्तू जागच्या जागी ठेवा, ती चांगली जगेल. रक्ताचे नमुने बाहेर पाठवतो, म्हणजे खात्री होईल. तोवर जुळवू नका."

परतताना बाबा पुढे बसलेच नाहीत. माझ्याजवळ मागे, क्रेटवर बसले. अकोट सोडल्यावर म्हणाले, "मशीन जुनं दिसत होतं त्याइचं."

मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे विचार करा!

घरी येऊन बाबांनी कुणाला काही सांगितलं नाही. पिल्लांसाठी फोन आला की म्हणायचे, "दिवाळी होऊ द्या." जुळवायचं नाही असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "तू लय मागं लागू नोको. त्या माणसाले आयुष्यात एकच गोष्ट भेटली, जिच्यासाठी लोक त्याचं नाव घेऊन विचारत येतेत."

"आन मोगराचं काय?"

"मोगराले खायले देते ना मी," आई म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. भाकरी वाकडी झाली. आईची भाकरी वाकडी होत नाही.

दिवाळीनंतर माझ्या चुलतभावाची, विपुलदादाची सोयरीक निघाली. आमच्या समाजात कुठलीही सोयरीक बाबांना विचारल्याशिवाय पुढे जात नाही. लग्नाचे हार ओवता ओवता कोण कुणाचं, कुणाची आजी कुठल्या घरची, हे त्यांच्या डोक्यात साठलंय. पातूरची मुलगी होती. शिकलेली, देखणी, दादाला पसंत, दादाही तिला पसंत. सगळे चहा पीत होते. बाबांनी मुलीच्या आजोबांना एवढंच विचारलं, "तुमच्या मायचं माहेर कोनतं?"

आजोबांनी गाव सांगितलं, घर सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला. "ते राऊताचंच घर होय. माह्या पंजोबाचा भाऊ तिकडं गेलता. म्हणजे पोरगी बहीण लागते विपुलची. हे जमत नाई."

विपुलदादाचा चेहरा पडला. काकू कुरकुरली, "इतक्या मागचं कोन पायते भाऊजी?"

"मी पायतो," बाबा म्हणाले. "आज नाई पायलं तर पुढं पस्तावा येते." आणि स्वतः उठून पातूरच्या पाहुण्यांना बस स्टँडपर्यंत पोचवायला गेले. सोयरीक मोडली तर मोडणाऱ्याने तोंडावर सांगायचं, मधल्या माणसाकरवी निरोप धाडायचा नाही, ही आमच्याकडची रीत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी दुकानात बाबांसोबत हार ओवायला बसले. ते लांब हार ओवत होते, मी गजरे. रात्रभर माझ्या डोक्यात काहीतरी वळवळत होतं, ते आता एकदम सरळ उभं राहिलं.

"बाबा, झेंडूचं आडनाव काय?"

"कुत्र्याले आडनाव असते का, येडी?"

"असते असं समजा. आपल्या घरचा हाय ना? मंग राऊत."

"बरं. राऊत," बाबा हसले. "झेंडू देवीदास राऊत."

"शेवंती त्याची लेक. तेबी राऊत."

"हाव."

"मोगराचा बाप राऊत. माय राऊत. माय बापाचीच लेक. आन आता तिले तुमी कोनासंगं जुळवून राहिले?"

सुई फुलात अर्धी गेली आणि तिथेच राहिली.

"तुमी पंजोबाच्या भावापर्यंत गेले, बाबा. विपुलदादाची चांगली जमलेली सोयरीक मोडली. मोगराच्या वक्ताले तुमी एक पिढी बी नाई मोजली?"

"ते जनावर हाय," बाबा म्हणाले. पण तसे हळूच म्हणाले.

"मंग घरचं रक्त, घरचं रक्त कायले म्हणता? रक्त म्हटलं तर मोजा ना!"

एक बाई हार मागायला आली. बाबांनी तिला अर्धवट ओवलेलाच हार दिला. ती म्हणाली, "भाऊ, गाठ मारायची राहिली." त्यांनी गाठ मारली. ती गेल्यावर ते उठले, झेंडूचा फोटो खाली घेतला आणि धोतराच्या फडक्याने काच पुसत बसले. मला वाटलं, आता हा फोटो पेटीत जाणार. पण त्यांनी तो पुन्हा होता तिथेच टांगला.

"त्याची काय चूक हाय," ते म्हणाले. "चूक माही हाय."

आणि खरं सांगते, कप मिळाला त्या दिवशीसुद्धा मला माझ्या बाबांचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

अकोल्याहून नमुन्यांचं उत्तर आलं, ते फोनवरच आलं. झेंडूत दोष एक, मोगरात दोन. बाबांनी "बरं साहेब" म्हटलं आणि पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने बाळापूर गाठलं. मला घेऊन. फोन का नाही करत, असं आईने विचारलंसुद्धा नाही. जुळवलेलं मोडायचं असेल तर तोंडावर सांगायचं. तिलाही ते ठाऊकच होतं.

भगवंतराव खळ्यात बाज टाकून बसले होते. बाबांना पाहून ते उठले नाहीत. "या, देवीदासभाऊ. कुत्र्याले अक्कल शिकवाले आले की मले?"

"माफी मांगाले आलो," बाबा उभ्यानेच म्हणाले. "तुमचं कुत्रं मठ्ठ नाई. आंधळं होऊन राहिलं. बापाचं आन लेकीचं जुळवलं म्या. त्याचं हे फळ हाय. तुमी याचं कोनासंगं जुळवू नका, येवढं सांगाले आलो."

भगवंतरावांना भांडण अपेक्षित होतं. भांडायला समोर कुणी उरलंच नाही, तेव्हा ते क्षणभर गोंधळले. "अरे! मंग मले दुसरं द्या ना एखादं."

"माह्यापाशी द्यायजोगं नाई आता."

"आता हे फोनवर सांगता आलं नसतं का?"

"नाई," बाबा म्हणाले.

भगवंतरावांनी सुनेला चहा सांगितला. मग त्यांनी आम्हाला राजा दाखवला. त्यांच्या आईने, पार्बताबाईंनी, एक युक्ती केली होती. वासराच्या गळ्यात घुंगरू बांधलं होतं आणि राजा त्या आवाजामागे सगळ्या शेतात फिरायचा. हौदाकडे वासरू जात नाही, म्हणून राजाही जात नाही. "मठ्ठ नाईच ते," पार्बताबाई भगवंतरावांना म्हणाल्या, "मठ्ठ तू हायस. म्या कवाच सांगितलं होतं, लेकराले दिसत नाई म्हणून." भगवंतराव खोकले. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

त्यानंतर बाबा प्रत्येक घरी गेले. जिथे पिल्लू गेलं होतं, तिथे. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी दारातूनच हुसकावून लावलं, एकाने तर "आता धंदा बसला म्हणून नाटकं" असंही म्हटलं. बाबा ऐकायचे आणि सांगायचं ते सांगूनच परत यायचे. दुकानावर कुत्र्यांसाठी कुणी विचारायला येईना. पुन्हा नुसते फुलवाले झाले.

इकडे मी मोगराला शिकवत होते. अंगणातली बाज, रांजण, तुळस, काहीच हलवायचं नाही, असा मी घरात कायदा काढला. आई चुकून बादली मध्ये ठेवायची तेव्हा मी इतकी ओरडायचे की आई म्हणायची, "बाप्पा! घर हाय की पोलीस ठेसन!" पायरीच्या कडेला मी काथ्याचं पायपुसणं टाकलं. पायाला खरखरीत लागलं की पायरी आली, हे मोगरा चार दिवसांत शिकली. आकांक्षा रोज संध्याकाळी बघायला यायची. पहिल्यांदा मोगरा अंधारात धडाधड पायऱ्या उतरून आमच्यापर्यंत आली तेव्हा आम्ही दोघी एवढ्या किंचाळलो की शेजारच्या गंगूबाई काठी घेऊन बाहेर आल्या. त्यांना वाटलं साप निघाला.

आणि मग मोगरा माजावर आली. त्याच आठवड्यात अकोल्याचा शुभम आला. त्याचं तिकडे कुत्र्यांचं दुकान आहे. त्याने सगळं ऐकलं होतं. ओट्यावर बसून तो हसत हसत म्हणाला, "भाऊ, तुमी लयच मनाले लावून घेतलं. माह्यापाशी जर्मनीच्या लाईनचा कुत्रा हाय. तपासेल, साफ. झेंडूचा नाई, तुमच्या कोनाचाच नाई. मोगराचं त्याच्यासंगं जुळवू. डाक्टरले विचारा, एक बी पिल्लू आंधळं निघणार नाई. अर्धी तुमची, अर्धी माही."

बाबांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी! ते माझ्याकडे वळले. "करिश्मे, आडनाव वेगळं हाय! दोन्हीकडून पाह्य, कुठंच एक नाई. सोयरीक जुळते की नाई? तूच सांग!"

माझंच हत्यार माझ्यावर. आई दारात पीठ लागलेल्या हातांनी उभी होती, तीही हसत होती. "झेंडूचं नाव राहीन," ती म्हणाली. म्हातारा झेंडू उन्हात आडवा पडला होता. त्याच्यानंतर त्याचं काही राहावं, हे बाबांना किती वाटत होतं, ते मला त्यांच्या हातांवरून कळत होतं. ते उगाच ओटा झाडत होते.

शुभम म्हणाला, "सांजच्याले कुत्रा घेऊन येतो," आणि गेला.

मी सायकल काढली आणि तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमकडे गेले. रविवार होता, पण त्या एका गाईवर उपचार करत तिथेच होत्या. शुभम खोटं बोलला नव्हता. पिल्लं सगळी डोळस होतील, मॅडम म्हणाल्या. पण मोगरात दोन आहेत, त्यामुळे प्रत्येक पिल्लाला एक जाणार. एकही सुटणार नाही. ती पिल्लं चांगली दिसतील, चांगली पाहतील, अकोल्याला, अमरावतीला, कुठे कुठे विकली जातील.

"आणि त्यांचं कोण कुणाशी जुळवेल, हे तू आणि तुझे बाबा विचारायला जाणार का?" मॅडमनी विचारलं.

मी सायकल हातात धरून चालत घरी आले. मला सारखं शुभमचं दुकान दिसत होतं. त्यात काचेमागे झेंडूची नातवंडं, आणि बाहेर 'आईचं माहेर कोणतं' असं विचारणारा एकही माणूस नाही.

घरी आले तेव्हा बाबा आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून ओट्यावर बसले होते. लग्नाला निघाल्यासारखे. मोगरा त्यांच्या पायाशी होती. आईने अंगणात सडा टाकला होता. मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले.

"बाबा, शुभमदादाले फोन करा. कुत्रा आणू नोको म्हणा."

"काहून? सगळं जुळलं ना?"

"दोन घरची जुळली, पुढच्यांची कोन जुळवीन? प्रत्येक पिल्लू आपल्यासोबत एक खोट घेऊन जाईन. तुमच्यासारखा मोजणारा माणूस सगळ्या दुकानात बसून नसते, बाबा."

आई म्हणाली, "अवं पण एखाद्या वेळी..."

"नाई आई. शेवंतीच्या वक्ताले बी एखाद्या वेळीच झालं होतं." मी मोगराजवळ जाऊन बसले. तिने माझा हात हुंगला आणि डोकं मांडीवर टेकलं. "माज उतरला की मी इचं ऑपरेशन करून आणते. मॅडमसंगं बोलून आली मी. मोगराले पिल्लं होणार नाईत. झेंडूची लाईन हितंच थांबते. शेवटपर्यंत इले मी सांभाळीन."

बाबा झेंडूकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून फोन काढला, पण नंबर लावला नाही.

"लोक विचारतीन, काहून थांबवलं म्हणून," ते म्हणाले.

"सांगा," मी म्हणाले. "देवीदास राऊताच्या पोरीनं ठरवलं म्हणा. आन फोन इकडं द्या. तो कुत्रा घेऊन निघाच्या आधी शुभमदादाले मीच सांगते."